अनवाणी ड्रॉ

हणमंतरावाच्या पायात बूट नाहीत हे रेफ्रीच्या लक्षात आलं तेव्हा टॉस होऊन गेला होता. मग त्यानं आमच्या बाकीच्यांच्या पायांकडं पाहिलं. अकराच्या अकरा जण अनवाणी. कुणी घोट्याला पट्टी गुंडाळलेली, कुणाला तेवढीही नाही. समोर गिरणीची टीम उभी होती. त्यांच्या पायांत जाड चामड्याचे बूट, आणि तळाला खिळ्यांनी ठोकलेली चामड्याची बटणं. बरीचशी बटणं झिजून खिळ्यांची डोकी वर आली होती.

तुमची काही हरकत आहे का, असं रेफ्रीनं गिरणीच्या कॅप्टनला विचारलं. कॅप्टन दोरैराज हा त्यांचा सेंटर फॉरवर्ड, दाराच्या चौकटीत न मावणारा गडी. आमच्या बोटांकडं बघून तो हसला आणि आपली काही हरकत नाही म्हणाला. मी पिराजी, गोलकीपर, म्हणजे टीममध्ये सगळ्यांत जास्त बघणारा आणि सगळ्यांत जास्त शिव्या खाणारा.

आमच्याकडं बूट नव्हते असं नाही. आमचा अंबाभवानी युनियन हा बंगळूरच्या कॉटनपेटेतल्या तालमीतून निघालेला क्लब. हणमंतरावाचे वडील तालमीचे वस्ताद. कॅन्टोन्मेंटातल्या गोऱ्या सोल्जरांचा खेळ बघून त्यांनी आपल्या पैलवानांपुढं फुटबॉल टाकला, आणि पैलवान तो कुस्तीसारखा खेळले. लीगमध्ये आलो ते सेकंड डिव्हिजनला चिकटलो. वर कधी गेलो नाही, खाली कधी उतरलो नाही. एकदा एक शील्ड जिंकली होती, तिची गोष्ट आमचे सेक्रेटरी प्रतापराव लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत. छप्पन साली मात्र आम्हाला साडेसाती लागली. पहिली मॅच हरलो, दुसरी हरलो, पुढं हरण्याची सवयच जडली. शाळामास्तरांच्या टीमनंसुद्धा आम्हाला धुऊन वाळत घातलं. आता ही शेवटची मॅच. ड्रॉ झाली तरी तरलो, हरलो तर थर्ड डिव्हिजन.

ही मॅच खरी आदल्या दिवशी व्हायची. पण पावसानं मैदानाचं तळं झालं आणि असोसिएशननं ती एक दिवस पुढं ढकलली. तो दिवस नेमका खंडेनवमीचा, आणि आम्हाला कळलं ते त्याच सकाळी. निरोप घेऊन प्रतापराव सायकल दामटत हणमंतरावाच्या घरी पोचले तेव्हा पूजा उरकली होती. दरसालप्रमाणे चौरंगावर वस्तादांची तलवार होती आणि तिच्या बाजूला आम्हा सगळ्यांचे बूट मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, ही आमची रीत.

नारळ फोडू, देवीची माफी मागू आणि बूट उचलू, असं प्रतापरावांचं म्हणणं. नवल म्हणजे हणमंतरावाच्या आई सकवारबाईसुद्धा तेच म्हणाल्या. "उचला रे. देवीला काय ते मी सांगते. ती बूट मोजत बसत नाही."

हणमंतराव एरवी देवळाची पायरी न चढणारा माणूस. दिवसभर चिकपेटातल्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलायचे आणि संध्याकाळी मैदानावर यायचं, एवढंच त्याचं आयुष्य. लग्न केलं नव्हतं. कुणाशी वाद घातलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो चौरंगाच्या आडवा उभा राहिला.

"बाबांनी कधी उचललं नाही, आई. क्लब त्यांचा. त्यांच्या रीतीनं वाचला तर वाचला."

बूट चौरंगावरच राहिले. तोच आमचा कॅप्टन, बॅकला खेळणारा, आणि आमच्यातला एकुलता एक खरा खेळाडू.

मॅच सुरू झाली आणि पहिल्याच टॅकलमध्ये आमच्या लेफ्ट विंगच्या अंगठ्याचं नख मुळापासून निघालं. त्यानं ते उचलून खिशात टाकलं आणि पुन्हा पळायला लागला. थोड्या वेळानं आमच्या राइट हाफच्या नडगीवर खिळा ओढला गेला आणि मांस उघडं पडलं. रेफ्री शिट्टी वाजवत होता, पण त्याच्या शिट्टीला घाबरायला तिथं कोण रिकामं होतं? आमची मुलंही काही साधुसंत नव्हती. पायानं जमेना तेव्हा ती खांद्यानं, कोपरानं, डोक्यानं खेळायला लागली. आमच्या दुसऱ्या बॅकनं दोरैराजला कंबरेत धरून असं आपटलं, की त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

त्या धांदलीत आम्ही एक गोल मारला. लगेच त्यांनी फेडला. तो वाचवताना माझ्या बोटांवर बूट पडला आणि करंगळी उलटी वळली. हाफटाइमला सगळे गवतावर पाय पसरून बसले तेव्हा कळलं, की चिखल कुठला आणि रक्त कुठलं हे सांगता येत नाही. सायकलवरून जाऊन बूट घेऊन येतो, असं कुणीतरी हळूच म्हणालं. हणमंतराव स्वतःच्या काढून ठेवलेल्या धोतराच्या चिंध्या करून दुसऱ्यांचे पाय बांधत होता. त्यानं मान वर न करता नकार दिला. त्याच्या स्वतःच्या पायाला बांधायला चिंधी उरली नाही.

दुसऱ्या हाफात त्यांनी बॉलचा नाद सोडला आणि फक्त हणमंतरावाला धरलं. तो पडला की उठायचा, उठला की कुणीतरी पुन्हा पाडायचं. त्याचा एक कान फाटला. दोरैराज त्याच्या पोटरीवर मुद्दाम पाय देऊन गेला. तरी दर वेळी बॉल आला, की तिथं हणमंतराव असायचाच. लोक दोरी ओलांडून मैदानात शिरले होते आणि दोन्हीकडून दगड यायला लागले होते.

शेवटी शेवटी दोरैराज एकटा सुटला. मी पुढं झेपावलो, त्यानं मला चुकवलं आणि मी चिखलात तोंडावर पडलो. समोर मोकळा गोल. त्यानं पाय उचलला आणि सगळं बळ लावून मारला. मधे हणमंतरावानं आपलं उघडं पाऊल घातलं. बॉल त्या पावलाला अडला आणि तिथंच थांबला. मग त्याच पावलावर दोरैराज दोन्ही बुटांनी चढला. एकदा चढला, पुन्हा चढला. हाड मोडल्याचा आवाज मला पडल्या जागी ऐकू आला. हणमंतरावानं पाय काढला नाही.

शिट्टी वाजली. ड्रॉ. मग मैदानात जे झालं त्याला मारामारी म्हणणं म्हणजे जत्रेतल्या भोगनंदीश्वराच्या डोंगराएवढ्या रथाला हातगाडी म्हणण्यासारखं आहे. सायकलच्या चेनी निघाल्या, गोलचे खांब उपटले गेले. दोरैराजला मी हाताला येईल त्यानं मारत होतो. "साकु रे, साकु," पुरे झालं, असं हणमंतराव बसल्या जागेवरून मला सांगत होता. मी थांबलो नाही. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हाच थांबलो.

त्या मैदानावर पोलिसांचे घोडे फिरायचे. लीद आणि चिखल जखमेत गेला. आठवडाभरात पाय काळा पडायला लागला, आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पुढचं अर्धं पाऊल कापून टाकलं.

त्याच आठवड्यात असोसिएशनचा निकाल लागला. गिरणीवाल्यांनी तक्रार केली होती, की अनवाणी खेळणं नियमात बसत नाही. मैदानावर ज्यांना हरकत नव्हती त्यांनाच ड्रॉनंतर हरकत आली. मॅच त्यांना दिली गेली. आम्ही थर्ड डिव्हिजनमध्ये गेलो. मला आजही त्या निकालाचा संताप येतो, आणि तो येतच राहणार.

हणमंतरावाला सांगायचं कुणी, यावर आमच्यात खूप खल झाला. शेवटी प्रतापराव आणि मी गेलो. सकवारबाई खाटेशी बसल्या होत्या. सकाळीच डॉक्टरांनी पट्टी सोडून त्याला पाऊल दाखवलं होतं. प्रतापरावांनी शील्डची गोष्ट जितक्या ऐटीत सांगावी तितक्याच खालच्या आवाजात निकाल सांगितला.

हणमंतराव म्हणाला, "सरी, ठीक आहे. खालून सुरुवात करू. बॅकला दुसरा गडी बघा. आत्तापासनं बघा."

प्रतापराव खाटेजवळ सरकले. "तुझी जागा आम्ही रिकामी ठेवतो, अण्णा."

"दहा जणांत खेळणार काय?" तो हसला. "येडे आहात."

सकवारबाईंनी त्याच्या कापलेल्या पावलावर चादर खाली ओढून सारखी केली. ती आधीच नीट होती.