थैलीतलं दुसरं पुस्तक

मधमाशांना रंग कळतात. जुन्या विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून पाहावा. समुद्राच्या तळाशीही डोंगर असतात.

अनसिंग गावच्या वाचनकट्ट्यावर जो तो आपल्या आवडत्या पुस्तकातलं असं काही सांगत होता. नियम एकच होता: सुचवलेलं पुस्तक मागेल त्याला तिथंच देऊन टाकायचं, कायमचं. त्यामुळे सुकेशनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ताऱ्यांचं पुस्तक तिला जिवापाड आवडलं होतं. ते सगळ्यांना सांगायचं होतं आणि कुणालाच द्यायचं नव्हतं. पाळी आली तशी तिनं थैलीतून लोणच्यांचं पुस्तक काढलं.

"हे लय चांगलं हाये," ती पुटपुटली.

भाजी विकणारी हौसाबाई हसली. "मले लोणचं शिकवतं का वं? आन् ते दुसरं काहून दाबून राह्यली?"

सुकेशनीनं ते नाइलाजानं बाहेर काढलं. पण बोलायला लागली आणि थांबेचना. कोणता तारा कधी उगवतो, कोणता विझूनही दिसत राहतो, सगळं सांगत सुटली.

"दे मंग मले," हौसाबाई म्हणाली.

सुकेशनीनं पुस्तक पुढं केलं, पण बोटं सुटेनात.

"सोड ना वं पोरी."

तिनं सोडलं.

द्यावं लागलंच तर म्हणून, सकाळी इकडं येताना बसमध्येच तिनं त्या पुस्तकाचं शेवटचं पान पुन्हा वाचून घेतलं होतं.