परत भरलेली काजळी

"काका, हे काय करून ठेवलंत?" मीटरवाल्याने तंबाखू ओढायचा पाइप दुकानाच्या काउंटरवर ठेवला आणि तो स्टुलावर मटकन बसला.

धूरकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. सत्तरी उलटलेल्या या माणसाला जुने पाइप उजळून देणं एवढं एकच काम येत होतं, आणि त्यात कोणी खोट काढलेली त्यांना मुळीच खपत नसे. "काय केलं? परवा घेऊन गेलास तेव्हा तर तोंडभर हसत होतास!"

खरंच हसला होता. घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरणारा हा चाळिशीचा माणूस वारलेल्या वडिलांचा पाइप घेऊन आला, तेव्हा त्या पाइपाकडे बघवत नव्हतं. तंबाखू भरायच्या वाटीत काजळीचा इतका थर की करंगळीही शिरेना. तोंडाकडची काळी रबरी नळी हिरवट पडलेली आणि तिच्यावर दातांचे खोल वण. "अगदी नवा करा," एवढंच तो सांगून गेला. काका लागले कामाला. काजळी खरवडली. वाटीत मीठ भरून वर स्पिरिट ओतलं, मीठ तपकिरी झालं की फेकलं, पुन्हा नवं भरलं. नळी आचेवर धरली तेव्हा रबर फुगून दातांचे वण आपोआप भरून आले. शेवटी शिरस्त्याप्रमाणे चिमूटभर तंबाखू भरून स्वतः ओढून पाहिला. डॉक्टरांनी धुरावर बंदी घातली होती, पण तपासल्याशिवाय पाइप हातातून सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. पाइपात आधीचा माणूस राहतो, असं ते म्हणत. या पाइपात कोणीही उरलं नव्हतं, आणि काका स्वतःवर बेहद्द खूश झाले होते.

"आईला अजून वाटतं, बाबा घरी यायचेत," मीटरवाला म्हणाला. "वर्ष होत आलं त्यांना जाऊन. शंभरदा सांगितलं, पटतच नाही तिला. संध्याकाळ झाली की ताट वाढून दाराकडे बघत बसते. ते आल्याशिवाय घास घेत नाही, मी बळेच दोन घास भरवतो तेवढेच. वाळून नुसती काडी झालीय. म्हटलं, शेजारच्या खोलीत बसून बाबांचा पाइप ओढावा. वास आला की तिला वाटेल, आले. जेवेल तरी पोटभर."

"मग?"

"तंबाखू त्यांच्याच डब्यातली. तरी वास घेऊन म्हणाली, घरात परका माणूस शिरलाय. आतून कडी लावून बसली."

काकांचा चेहरा खाडकन उतरला. "अरे शहाण्या, हे आधी सांगायला काय तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस? मी तुझ्या बापाला खरवडून फेकून दिला की रे!"

ते तसेच गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कचऱ्याचा डबा उपडा केला. नशीब, काजळीची पुडी अजून तिथेच होती. उभा जन्म पाइपातली घाण बाहेर काढण्यात गेला, ती परत आत भरण्याची वेळ कधी आली नव्हती. काजळी कुटून त्यांनी थेंबभर पाण्यात कालवली आणि बोटाने वाटीला आतून लेप दिला.

"दातांच्या खुणा काही परत यायच्या नाहीत," ते पुटपुटले. "आणि ओढणार कोण? तू सिगारेटसारखा भकाभका ओढत असशील."

"ठसकाच लागतो मला," मीटरवाला म्हणाला आणि काकांकडे बघत राहिला.

"छे छे! असली नाटकं मला नाही जमायची."

"कालपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही, काका."

काकांनी पाइप वाळायला खिडकीत ठेवला.

लेप वाळल्यावर संध्याकाळी काका त्या घरी गेले. शेजारच्या खोलीत वडिलांची आरामखुर्ची होती. तिचं कापड दुसऱ्याच कोणाच्या पाठीने खोल गेलेलं, काकांची पाठ त्यात बसेना. बोलायचं नाही, नुसता धूर सोडायचा, असं ठरलं होतं. त्यांनी पाइप पेटवला. पहिल्याच झुरक्याला जिभेवर काहीतरी जुनं, कडवट उतरलं आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाइपातला माणूस परत आला होता. आपण पाइप ओढतोय की कोणी आपल्याकडून ओढून घेतंय, हेच त्यांना कळेना.

लोटलेल्या दारापलीकडे भांडं वाजलं.

"आलात?" आवाज अगदी हलका होता.

काकांनी ठरल्याप्रमाणे नुसता धूर सोडला.

"मी जेवले नाही हं. हातसुद्धा लावला नाही कशाला. हवं तर याला विचारा." ताट सरकवल्याचा आवाज आला. "ताट भिरकावू नका त्या दिवसासारखं. भूक लागली होती हो. एकदाच चुकलं माझं. त्यानंतर कधी जेवलेय का मी तुमच्याआधी?"

काकांनी मान वळवली. मीटरवाला भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. आईची नवऱ्यावरची माया म्हणून जे तो लहानपणापासून बघत आला, ती निव्वळ भीती होती. काकांना त्या मेलेल्या माणसाचा भयंकर संताप आला. स्वतःचीही लाज वाटली, कारण त्याला आपल्याच बोटांनी त्यांनी परत आणून बसवला होता.

त्यांना राहवलं नाही.

"जेव गं," ते म्हणाले. "माझी वाट नको बघूस. भूक लागेल तेव्हा जेवत जा."

पलीकडे खुर्ची सरकली. मग पावलं वाजली आणि दार उघडलं. दारात काडीसारखी बाई उभी होती. काका चोरी पकडल्यासारखे धडपडत उठले. "माफ करा, वहिनी..."

तिने धुरातून त्यांना नीट निरखून पाहिलं. मग ती मुलाकडे वळली.

"हे ते नाहीत. ते असं कधीच बोलले नसते."

"नाहीत, आई."

"ते गेले ना रे?"

"हो, आई. गेले."

ती आत परतली. दोघे दारापाशी आले, पण पुढे जायचं धाडस कोणाला होईना. ती खुर्चीवर बसली, गार झालेलं ताट तिने पुढे ओढलं आणि ती जेवू लागली. मध्येच तिने हात लांब करून स्वतःच स्वतःला आणखी थोडं वाढून घेतलं.