अंतकलेचं नाव माझ्यात नाही

मी नावांचं पुस्तक बोलतोय. 'बाळासाठी अडीच हजार नावे, अर्थासह' असं माझ्या मुखपृष्ठावर छापलेलं आहे आणि त्याखाली एक गुटगुटीत बाळ हसतंय. बाळ अर्थातच मुलगा आहे. मुलग्यांची नावं माझ्यात आधी येतात, मुलींची नंतर. हे मी ठरवलेलं नाही, पण मिरवतो मीच, म्हणजे थोडा दोष माझाही.

अर्थांचंही तसंच. मुलग्यांच्या नावांपुढे विजयी, पराक्रमी, जगाचा स्वामी. मुलींच्या नावांपुढे कोमल, नाजूक, गोड बोलणारी, नाहीतर कुणाची तरी पत्नी. नाही म्हणायला देवीची नावं पुष्कळ आहेत. एकट्या दुर्गेचीच एकतीस. नवरात्रात जिच्यापुढे नऊ दिवस दिवा तेवत ठेवायचा, तिचं नाव घरच्या पाळण्यात घालायची वेळ आली की लोकांचे चेहरे कसे उतरतात, ते मी पस्तीस वर्षं पाहतो आहे.

तुमसरच्या बसस्टँडवरच्या दुकानातून मला ताराचंदनं घेतलं. सिहोऱ्यात त्याचं किराण्याचं दुकान होतं आणि बायको दीपमाला पहिल्यांदाच गरोदर होती. ती दहावी झालेली. दुपारची भांडी घासून झाली की पदराला हात पुसत मला घेऊन बसायची आणि सरळ मुलींची पानं उघडायची. एकेक अर्थ ओठ हलवत वाचायची. तेवढं सुख मला नंतर कधी मिळालं नाही.

पहिली मुलगी झाली. दीपमालानं माझ्यातून नाव काढलं उर्वशी. दुसरीही मुलगीच, तिचं वैशाली. त्या बारशाला पेढे नव्हते, बत्तासे होते. तिसरीही मुलगी झाली तेव्हा मला कपाटावरून खाली काढायचंही कुणाच्या मनात नव्हतं. दीपमालाच स्टुलावर चढली.

आपल्याकडे नाव आत्यानं ठेवायचं असतं. पाळण्यावर वाकून आधी बाळाच्या कानात सांगायचं, मग बायकांच्या घोळक्यात मोठ्यानं. आत्याच्या तोंडून निघालं की ते कायमचं. म्हणून बारशाच्या आदल्या दिवशी दीपमालानं मला नणंदेपुढे, शालूपुढे धरलं आणि 'अ'च्या पानावर बोट ठेवलं.

"शालूबाई, एवढं ठेवा. अमिता. म्हंजे जिले सीमा नाई ते."

"ठेवू ना वहिनी. त्यात काय मोठं," शालू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शालू पाळण्यावर वाकली, तोच दीपमालाची सासू कलाबाई मागून म्हणाली, "अंतकला ठेव. या घरातल्या पोरींचा अंत होऊ दे आता."

शालूनं आईकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. बाळाच्या कानात तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मोठ्यानं मात्र ती अंतकला म्हणाली. बायकांनी घुगऱ्या घेतल्या आणि आपापल्या घरी गेल्या. दीपमाला त्या दिवशी जेवली नाही. मला वाटलं, ही बाई हे कधी विसरणार नाही. माणसांच्या बाबतीत माझे अंदाज नेहमी असेच चुकतात.

दोन वर्षांनी भुपेंद्र झाला. "नावानं काम केलं," कलाबाई गावभर सांगत सुटली. मग त्या गल्लीत आणखी दोन अंतकला झाल्या. एकीच्या पाठीवर मुलगा आला, दुसरीच्या पाठीवर आणखी दोन मुली. दुसरीची गोष्ट कुणी सांगत नाही.

घरातल्या अंतकलेला सगळे अंतू म्हणायचे. ती चौथीत असताना गुरुजींनी वर्गाला आपापल्या नावाचा अर्थ लिहून आणायला सांगितला. अंतूनं मला मांडीवर घेतलं. 'अ' तिनं दोनदा तपासला. मग तिला वाटलं, चुकून दुसरीकडे छापलं असेल, म्हणून ती मुलग्यांच्या पानांतही शोधू लागली. माझी पानं त्या दिवशी मलाच जड झाली. शेवटी ती आजीकडे गेली.

"आजी, माह्या नावाचा अर्थ काय?"

"लय गुनाचं नाव हाय तुहं," कलाबाई कौतुकानं म्हणाली. "देवाले सांगतलं का आता पोरी पुरे. म्हनून तं तुह्या पाठीवर भुपेंद्र आला."

अंतूनं वहीत लिहिलं, 'माझ्या नावाचा अर्थ : मुली पुरे.' दुसऱ्या दिवशी वही माझ्या शेजारीच उघडी पडली होती. गुरुजींनी त्याखाली लाल शाईनं बरोबरची खूण केली होती. शुद्धलेखन बरोबर होतं ना.

कलाबाई पुढे वारली. मुलींची लग्नं झाली. अंतू मोहाडीला दिली. भुपेंद्रचं लग्न झालं आणि अंतू स्वतः आत्या झाली. पहिल्या भाचीला तिनं अन्वी नाव दिलं. दुसरीही मुलगी झाली तेव्हा दीपमाला, हो, तीच दीपमाला, लेकीला बाजूला घेऊन म्हणाली, "एखादं थांबवाचं नाव ठेव ना. तुह्या वक्ती फरक पडला होता."

"माह्या तोंडून तसं नाव निघनार नाई, आई. दुसरी आत्या पाहा," अंतू म्हणाली आणि मला उघडून बसली. तिनं शाल्मली काढलं. शाल्मली म्हणजे काटेसावर. तलावाच्या पाळीवर ते झाड आहे, उन्हाळ्याच्या तोंडाशी पान नसताना लालभडक फुलतं. "काट्याचं नाव ठेवलं पोरीले," बायका कुजबुजल्या. अंतूनं ते दोनदा मोठ्यानं म्हटलं. मला वाटलं, संपलं एकदाचं, ही पोर जिंकली. माझा अंदाज.

या दिवाळीआधी भुपेंद्रच्या बायकोला पुन्हा दिवस गेले. अंतूला फोनवर कळलं होतं. भाऊबीजेला आली ती पायसुद्धा न धुता कपाटाशी गेली, मला झटकलं, आणि एका पानात बोट घालून स्वयंपाकघरात आली. दीपमाला चकल्या तळत होती.

"कितवा लागला वहिनीले?"

दीपमालानं मान वर केली नाही. "नाई राह्यलं आता. भुपेंद्रनं गाडी केली होती. सकाळी तपासाले गेलो, सांजच्याले वापस आलो. मीच संग गेलती."

आतल्या खोलीत भुपेंद्रची बायको भिंतीकडे तोंड करून निजली होती. अंतूनं माझ्या पानातलं बोट काढून घेतलं. दीपमालाला वाटलं, लेकीला वाईट वाटलं. तिनं एक गरम चकली बशीत घालून पुढे सरकवली आणि समजावल्यासारखं म्हणाली, "आता तसे दिवस नाई राह्यले, अंतू. तुह्यावानी नाव आता कोनालेच ठेवा लागत नाई."

मायेनंच म्हणाली ती. मला त्याचाच जास्त राग येतो.

अंतूनं चकलीला हात लावला नाही. मला पिशवीत घातलं आणि संध्याकाळच्या एसटीनं मोहाडीला घेऊन आली. आता तिच्या पेटीत असतो. माझी पानं पिवळी पडलीत, शिवण उसवलीय. नावं लोक हल्ली मोबाइलवर शोधतात. शोधोत. माझी तक्रार ती नाही.

तुम्हाला एवढंच सांगतो, मुलींची पानं उघडायची नसतील तर माझ्यासारखं पुस्तक घरी आणू नका. अर्थ सांगत बसायची मला आता लाज वाटते.

त्या दिवशी अंतूनं कोणत्या नावावर बोट ठेवलं होतं, ते मला माहीत आहे. मी तुम्हाला सांगणार नाही. आधी ते बाळाच्या कानात सांगायचं असतं.