एक दिवसाआड विसावा

मित्रांनो, माझे काम काही चांगले नव्हते, हे आधीच सांगतो. मी तंबाखू ओढायचा लाकडी पाईप आहे. आता जुना झालो. आयर्लंडमधल्या नावन गावी, एका स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमध्ये पडून असतो. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. माझ्या एका बाजूला संपलेल्या बॅटऱ्या आहेत, दुसऱ्या बाजूला उदबत्तीचा पुडा. माझ्यासारख्याला कधी तोंडात धरू नका. पण मी बोलतो आहे ते तेवढ्यासाठी नाही.

भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या टेकड्यांवर एक झुडूप उगवते. त्याच्या मुळाशी, मातीत, लाकडाची कठीण गाठ धरते. मी त्या गाठीतला. मला खणून काढले, कापले, मोठ्या कढईत दिवसभर उकळले आणि फ्रान्सच्या डोंगरातल्या सँ-क्लोद गावी पाठवले. तिथले लोक पूर्वी लाकडी जपमाळा आणि खेळणी कातायचे. पुढे ही गाठ त्यांच्या हाती आली आणि पाईप हाच गावाचा धंदा झाला.

माझ्या कारागिराचे नाव मॉरिस. कारखाना त्याच्या आजोबांनी काढलेला. आजोबांच्या वेळी तिथे चाळीस माणसे होती, वडिलांच्या वेळी बारा, आणि मी आलो तेव्हा फक्त मॉरिस आणि त्याची बायको ओदेत. लोकांनी पाईप सोडले, कारखाना रिकामा होत गेला. पण मॉरिसने पद्धत सोडली नाही. लाकूड आले की तो दोन वर्षे त्याला हात लावत नसे. सावलीत, फळीवर, नुसते पडू द्यायचे. घाई केली तर लाकूड तडकते, असे तो म्हणे. मीही दोन वर्षे तसा पडून होतो.

ओदेत चाकावर पाईप घासून गुळगुळीत करायची. लाकडाचा तांबडा भुगा तिच्या केसांवर, पापण्यांवर बसे. ती खोकायची. फळीवर पडल्या पडल्या मी ते ऐकत असे. दोन वर्षांत ती चाकावरून उठून कुठे पडून राहिलेली मी पाहिली नाही. मला घासले तेही तिनेच. त्यानंतरच्या हिवाळ्यात ती गेली. मॉरिसने उरलेले पाईप खोक्यात भरले आणि कारखान्याला कुलूप लावले. प्रत्येक खोक्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहून एक चिठ्ठी ठेवली. एक दिवस वापरा, एक दिवस विसावा द्या.

ते खोके आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या एका दुकानात आले. तिथे मला स्नेहलताने विकत घेतले. तिचा नवरा रविकांत नागपूरचा, कॉम्प्युटरवर काम करणारा. लग्नाला पाच वर्षे झाली होती. तो सिगारेटी ओढायचा. पाईप भरायला वेळ लागतो, म्हणजे आपोआप कमी ओढाल, असा तिचा हिशेब होता. दुकानदाराने चिठ्ठी वाचून दाखवली, तिने रविकांतला मराठीत सांगितली. तो म्हणाला, ग्रँड. इकडे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात.

आणि मित्रांनो, त्याने ती चिठ्ठी अठरा वर्षे पाळली. असा मालक क्वचित मिळतो. एक दिवस तो मला घेऊन मागच्या अंगणात बसे, दुसऱ्या दिवशी मी खिडकीत पालथा विसावा घेई. ओढून झाले की दांडीतून मऊ काडी फिरवायची, आतल्या काजळीचा थर ठरावीक जाडीचाच ठेवायचा, रविवारी बाहेरून तेलाचा हात. माझ्यावर व्हार्निश नाही, मॉरिस लावत नसे. त्यामुळे पाण्याचा थेंबही मला लागतो. पाहुणे आले की रविकांत मला दाखवायचा. लोक म्हणत, किती जपलाय हो. मला फार बरे वाटे. आज ते बरे वाटणे आठवले की लाज वाटते.

कारण स्नेहलता एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची. त्यांना उठवायचे, अंघोळी घालायच्या, कूस बदलायची. बारा तासांची पाळी. घरी येऊन पुन्हा स्वयंपाक. मुलगी निहारिका शिकायला मेनूथच्या विद्यापीठात गेली, तेव्हा शनिवारी तिच्यासाठी डबेही. माझ्याकडे बघून ती हसून म्हणायची, "तुमच्या ह्या माणसाचं बरं आहे हो, एक दिवसाआड सुट्टी. पुढच्या जन्मी मला पाईप करा म्हणावं." रविकांतही हसायचा. मीही तो विनोदच समजलो.

मागच्या दसऱ्याची गोष्ट. घरात शस्त्रांची पूजा असते, म्हणजे ज्याच्यावर आपले पोट त्याची. स्नेहलताने पाटावर रविकांतचा लॅपटॉप ठेवला, गाडीची किल्ली, विळी, स्वतःचे कामावरचे ओळखपत्र. मग खिडकीतून मला उचलले. "तुमचं खरं शस्त्र राहिलंच होतं की," म्हणाली, आणि ओली हळद बोटावर घेऊन माझ्या पोटावर टेकवली. वर कुंकू. अठरा वर्षांत माझी पूजा कोणी केली नव्हती. तिचे बोट गार होते. हळद लावताना ती मधेच थांबली, एका हाताने टेबल धरले, श्वास घेतला, आणि मग कुंकू लावले.

रविकांतने आदल्याच दिवशी मला तेल दिले होते. हळद लाकडात उतरलेली पाहून त्याचा चेहरा पडला. तो ओरडला नाही. त्याला ओरडायची सवय नव्हती. कापूस आणि स्पिरिट घेऊन तो खिडकीजवळ बसला.

ती सोफ्यावर बसली होती. म्हणाली, "अहो, जिना चढला तरी दम लागतोय. छाती जड वाटते. जरा डॉक्टरकडे फोन लावता का?"

तो म्हणाला, "उद्या सकाळी लावतो. आधी हा डाग काढू दे, वाळला तर निघायचा नाही."

ती "बरं" म्हणाली.

संध्याकाळभर तो मला घासत होता. दर थोड्या वेळाने उजेडात धरून बघायचा. दुसऱ्या दिवशी त्याची लवकरची मीटिंग निघाली आणि तिची पाळी होती. फोन राहिला. चौथ्या दिवशी ती कामावर, एका आजीबाईंची चादर बदलताना, खाली पडली. हृदय. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस चालले असणार, त्यांना थकवा वाटत नव्हता का.

तेराव्याला निहारिका घरी होती. ती लहानपणापासून घरात इंग्रजीच बोलते, आईने मराठीत विचारले तरी. त्या दिवशी रविकांतने सवयीने मला खिडकीत नीट पालथे ठेवले. तिने ते पाहिले आणि मराठीत बोलली.

"बाबा, तू पाईपला रेस्ट दिली. आईला कधी दिली?"

एवढेच. मग ती भांडी घासायला गेली. रविकांतने मला उचलून प्रेसमध्ये टाकले. त्यानंतर मी पेटलो नाही.

पण मित्रांनो, तो मला बाहेर काढतो. दर रविवारी जेवण झाल्यावर. तेलासाठी नाही. निहारिकाच्या जुन्या कंपासपेटीतले भिंग घेऊन तो मला खिडकीच्या उजेडात फिरवतो आणि हळद शोधतो. जी त्याने स्वतः संध्याकाळभर घासून काढली. तिच्या बोटाचा तेवढाच ठसा ह्या घरात उरला असता. तो माझ्या अंगावर होता, आणि त्याने फार नीट काम केले. त्याचे प्रत्येक काम नीट असते. दांडी जिथे पोटाला मिळते, त्या सांध्यात केसाएवढी एक पिवळी रेघ आहे. ती हळद आहे की लाकडाचाच रंग, हे मलाही सांगता येत नाही. तो तिथे बोट लावत नाही. बघतो आणि ठेवून देतो.

वस्तू जपाव्यात असे तुम्हाला शाळेत शिकवतात. माझ्यासारख्या वस्तूही शेवटी तेच मागतात. मी नाही मागत. मला ह्या घरात जेवढे जपले तेवढे कोणाला जपले नाही, आणि त्याचे काय झाले ते तुम्ही ऐकलेत. तुमच्या घरात कोणी टेबलाला धरून श्वास घेत असेल, तर हातात असेल ते खाली ठेवा आणि आधी उठा. डाग वाळला असता तर वाळला असता. मी लाकूड आहे. दोन वर्षे फळीवर पडून राहिलेलो, मी आणखी एक दिवस थांबलो असतो.