राणीच्या गालावरचा ओरखडा

"तुमी नगं. तिला वाजवू द्या."

ठमाबाईनं माळेतून सोडवलेला चांदीचा रुपया सोपानच्या हाताला लागू दिला नाही. तो तिनं थेट त्याच्या बायकोपुढं धरला. इंदापूरच्या भर बाजारात सोपानच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

छबूबाईनं डोक्यावरचा पदर कानामागं सारला आणि रुपया समोरच्या काळ्या दगडावर टाकला. खण्ण झालं. दुसरा टाकला. तोही खण्ण वाजला. तिसरा टाकला आणि ती थांबली.

"ह्यो न्हाय."

"न्हाय कसा? चांगला खणखणीत वाजला की," सोपान म्हणाला.

"वाजला चांगला. पन लगीच इझला."

सोपानच्या वडिलांनी, अप्पांनी, रुपया घेतला आणि त्याच्या कडेवर कानस फिरवली. पांढऱ्या चांदीखाली काळपट जस्त दिसलं. कुणा बिलंदरानं तो आतून कोरून भरला होता.

"आगं बया! माझ्या सासूनं जन्मभर मिरावला ह्यो!" ठमाबाईनं तोंडाला पदर लावला.

अप्पांनी तो रुपया तिला परत दिला आणि सुनेकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या एका नजरेसाठी सोपान वयाच्या आठव्या वर्षापासून बापाच्या मागं बाजार हिंडत होता आणि ती नजर कळस गावाहून आलेल्या या बाईनं वर्षभरात पटकावली होती. दुपारची भाकरी त्यानं तशीच बांधून ठेवली.

अप्पांचा धंदा असा की, बारामतीच्या एका सराफासाठी गावोगावच्या बाजारांतून जुने चांदीचे रुपये विकत घ्यायचे. रुपयावरची विलायतेची राणी गेली, तिच्यामागचे राजेही गेले, रुपये चलनातून उठले. पण चांदी ती चांदीच. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला तसं बायकांना गळ्यात सोनं हवंसं झालं आणि सासवांच्या रुपयांच्या माळा बाजारात निघाल्या. घेणाऱ्यानं सावध राहायचं. भोक पाडलेला, कडी बसवायला डाग दिलेला, कड घासून चांदी चोरलेला रुपया डोळ्यांना दिसतो. पोट कोरलेला मात्र झिजक्या रुपयांत वजनावरूनही सापडत नाही, तो कानालाच कळतो. त्यासाठी अप्पांच्या पिशवीत नीरेच्या पात्रातला तळहाताएवढा काळा दगड असे. तो त्यांच्या वडिलांचा. ज्याच्यापुढं तो दगड, त्याच्या शब्दाला बाजारात किंमत.

सोपानचे डोळे चांगले होते. कानाचं काम मात्र देवानं घाईत उरकलं होतं. गेल्या साली तो दोन महिने हिवतापानं अंथरुणाला खिळला, तेव्हा सोबतीला म्हणून अप्पांनी सुनेला बाजारात नेलं. पहिल्याच दिवशी ती मागून हळूच म्हणाली, "मामंजी, त्यो मगाचा येगळा वाजला." अप्पांनी कानस लावली, तर खरंच. तुला कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "म्हायेरी शेरडं राखत हुते. कोन मागं ऱ्हायलं ते गळ्यातल्या घंटीवरनं वळखायची."

शेरडं! बापाच्या पायाशी बसून वीस वर्षं शिकलेली विद्या शेरडांच्या घंटीपुढं हरली. सोपान बरा होऊन परत बाजारात आला, तेव्हा दगड बायकोपुढं होता आणि त्याच्या वाट्याला पिशवी उचलण्याचं काम आलं होतं. बायको रांधताना, अंगण झाडताना त्याला तिचे कानच दिसत. छोटे, साध्या बुगड्या घातलेले. त्या कानांचा त्याला राग येई.

श्रावणात त्यानं ठरवलं की एकदा दाखवूनच द्यायचं. कुणाला न सांगता तो काटेवाडीला गेला आणि गेणबा नावाच्या माळ्याकडून एक राणीछाप रुपया घेतला. उंबऱ्यावर दहा वेळा वाजवून घेतला. राणीच्या केसांची बट न् बट शाबूत होती, फक्त गालावर एक बारीक ओरखडा होता. घरी येऊन त्यानं तो काट्यात टाकला, तर दोन गुंजा कमी. झिजलेला असता तर गोष्ट वेगळी, पण कोरा करकरीत रुपया हलका म्हणजे पोट कोरलेला. सोपाननं तो जोंधळ्याच्या कणगीत खोल खुपसला आणि तोंड धुऊन आला.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस जेवताना अप्पा म्हणाले, "सोपाना, माझे कान आता गेले. औंदा लक्षुमीपूजनाला दगूड छबूच्या हाती देतो. तू राग मानू नगंस."

"मला कशाला राग?" सोपान म्हणाला. पण अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छबूबाई पाण्याला गेली होती. तिनं स्वतः वाजवून बांधलेली रुपयांची पिशवी खुंटीला होती. सोपाननं कणगीत कोपरापर्यंत हात घातला. पिशवीतून एक चांगला रुपया काढला, तो खोटा टाकला. काढलेला कणगीत गेला. गाठ त्यानं पहिल्यासारखी बसवली.

बारामतीच्या पेढीवर सराफ शेटजींनी पिशवी ताजव्यात ओतली. नेहमी ते अप्पांचे रुपये न बघताच आटवायला पाठवत. आज एक घरंगळून फरशीवर पडला. त्याचा आवाज ऐकून शेटजी थबकले. त्यांनी तो उचलला, कात्रीनं कड कापली आणि अप्पांपुढं ठेवला.

"अप्पा, तीस वर्षांत पहिल्यांदा."

अप्पांचा चेहरा पार उतरला. "छबू, ह्यो तूच वाजवलास?"

छबूबाईनं रुपया हातात घेतला. वाजवला नाही, फक्त उलटा केला. राणीच्या गालावरून तिचं बोट सावकाश फिरलं. मग तिनं मान वर करून सोपानकडे पाहिलं, एकदाच. सोपान भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होता.

"चुकलं माझं, मामंजी," ती म्हणाली.

लक्ष्मीपूजनाला पाटावर रुपये मांडले. हळदकुंकू लावलेला दगड अप्पांनी सोपानच्या ओंजळीत ठेवला. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते हातात आलं होतं. आता आपल्याला आनंद होईल म्हणून सोपान थांबून राहिला, पण तसं काही झालं नाही.

पाडव्याला सकाळी छबूबाई दळणासाठी कणगीतून जोंधळा काढत होती. सोपान दाराशी उभा राहिला.

"त्या दिशी तू काय बोलली का न्हाईस?" त्यानं एकदाचं विचारलं.

"कणगीतला रुपाया मला श्रावनातच घावला हुता," ती हात न थांबवता म्हणाली. "मापात पडला तवाच कळलं, बद्द हाय. तुमाला लाज वाटंल म्हनून पुना खाली सारला."

"मग शेटजीम्होरं सांगायचं की!"

"काय सांगू? माझा नवरा कसा हाय ते सांगू?"

तिनं मापाच्या तळातून एक रुपया उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"आता ह्यो घावला. ह्यो चांगला हाय."

त्यानंतरच्या इंदापूरच्या बाजारात दगड सोपानपुढं होता. अप्पा घरी राहिले होते. छबूबाई मागं बसून माळांचे दोरे उसवत होती. ठमाबाई आपल्या जावेला, रंगूबाईला घेऊन आली. तिच्याही गळ्यात सासूकडून आलेली माळ होती.

"छबू, तूच वाजीव गं बाई. माझ्या जावंला म्या तसंच सांगून आनलंय."

"न्हाय मावशी," छबूबाई म्हणाली. "आता मला ऐकू येत न्हाय."

"आगं, येवढ्या ल्हान वयात?"

छबूबाई हसली आणि खाली बघून दोरा उसवू लागली.

सोपाननं पहिला रुपया दगडावर टाकला. खण्ण झालं. पुन्हा टाकला. चांगला वाजला, की चांगला वाजून लगेच विझला, ते त्याला कळेना. बाजाराचा कालवा कानात भरून आला होता. त्यानं मागं न वळता रुपया असलेला हात पाठीमागं नेला आणि तळवा छबूबाईपुढं उघडा धरला.

दोरा उसवल्याचा बारीक आवाज येत होता. तो आवाज थांबला नाही.

"वाजवा की, सोपानराव," रंगूबाई म्हणाली. "उनं चढाय लागली."

सोपाननं हात पुढं घेतला. रुपया घामानं ओला झाला होता. त्यानं तो धोतराला पुसला आणि पुन्हा दगडावर टाकला.