तीन बोटांच्या वड्या

डेल्फीनने पिठाची जुनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि वड्या निवडायला बसली. रानचेरीच्या वड्या होत्या त्या. फळं बियांसकट दगडाने कुटायची, लगदा तळहातावर थापायचा आणि ऑगस्टच्या कडक उन्हात पत्र्यावर वाळवायचा, अशी त्यांची रीत. वाळल्या की काळ्याकुट्ट आणि खडखडीत होतात, पण वर्षानुवर्षं टिकतात. डेल्फीन एकेक वडी खिडकीच्या उजेडाकडे धरायची, तिच्यावरून अंगठा फिरवायची आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. डावीकडच्या तिने स्वतः थापलेल्या होत्या. त्यांच्यावर चार बोटं उमटली होती. उजवीकडच्यांवर तीनच.

डेल्फीनची लेक शेलीन नऊ वर्षांची असताना तिची करंगळी गाडीच्या दारात सापडली होती. ती वाकडी राहिली ती राहिलीच. थापताना कधी टेकायची नाही.

डावीकडे अकरा झाल्या आणि उजवीकडे अडतीस. डेल्फीनने उजवीकडचा ढीग पुन्हा पिशवीत भरायला घेतला, तेवढ्यात मागचं दार उघडलं. तिच्या नवऱ्याची, वेंडेलची, थोरली बहीण व्हर्नेल दार वाजवण्याच्या भानगडीत उभ्या जन्मात पडली नव्हती.

"म्हणजे आहेत तर!" ती बूट झाडत म्हणाली. "आणि फोनवर काय म्हणालीस? घरात औषधाला वडी नाही."

"ह्या अकरा आहेत, वन्सं. न्या."

"आणि त्या?"

"त्या नाहीत."

व्हर्नेल खुर्ची ओढून बसली. लाकोटा आदिवासींत नणंदेने भावजयीची टर उडवायची आणि भावजयीने ती परत करायची, हा दोघींचाही हक्कच असतो, आणि व्हर्नेलने तो चाळीस वर्षं मनसोक्त बजावला होता. पण आज ती जरा जपूनच बोलत होती. शनिवारी वेंडेलला जाऊन वर्ष होत होतं. वर्षाच्या जेवणाला आलेल्या प्रत्येकाच्या हातावर वस्ना पडायलाच हवी, आणि वाळलेलं मांस, चरबी नि रानचेरी कुटून एकजीव केल्याशिवाय वस्ना होत नाही. मांस होतं, चरबी होती. चेरी मात्र जमातीच्या अख्ख्या राखीव मुलखात कुणाकडे नव्हती. मे महिन्यात अवेळी हिमाचा तडाखा बसला आणि झाडांचा सगळा मोहर करपून गेला.

"अकरा वड्या आणि दीडशे माणसं," व्हर्नेल म्हणाली. "वहिनीबाई, लोकांना वस्ना खायला घालायची आहे की नुसता वास द्यायचाय?"

"शहरातून क्रॅनबेरी आणू. वाळलेली मिळते, पाकिटात."

"आर्लीनने आणली होती नवऱ्याच्या वर्षाला. आठ वर्षं झाली, अजून लोक तिला क्रॅनबेरी म्हणूनच हाक मारतात. तुला काय म्हणतील, सांगू?"

"म्हणू देत. तुम्ही मला म्हणता त्यापेक्षा वाईट काय म्हणणार?"

व्हर्नेल हसली. मग तिने हात लांब करून पिशवीच्या तोंडाशी आलेली एक वडी उचलली. डेल्फीनचा हात पटकन पुढे झाला, पण व्हर्नेलने वडी फक्त नाकाशी नेली आणि परत ठेवली.

"अशाच वड्या भिजवून केकात घातल्या होत्या ना कार्टीने? चर्चच्या जत्रेला?"

"फादरच्या दाताचा टवका उडाला," डेल्फीन म्हणाली.

"तरी बिचाऱ्याने आणखी एक तुकडा मागून घेतला!"

दोघी खूप हसल्या. डेल्फीनचं हसू आधी थांबलं.

दोन वर्षांमागे ऑक्टोबरात, बावीस वर्षांची शेलीन शहरातल्या मोटेलवरचं काम आटपून निघाली आणि घरी पोचली नाही. पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यात ती शेवटची दिसली, हातात कॉफीचा कप घेऊन. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, गेली असेल कुणाबरोबर. डेल्फीन त्यांना दर सोमवारी फोन करायची. तीन अधिकारी बदलले, आणि प्रत्येक नव्या माणसाला तिने नावाचं स्पेलिंग पहिल्यापासून सांगितलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात चेरी काढायला ह्या घरातून कुणी गेलंच नाही. वेंडेल पिकअप घेऊन रस्ते पालथे घालत होता. सप्टेंबरात एका सकाळी त्या पिकअपमध्येच त्याचं काळीज थांबलं.

"मी ठरवलंय, वन्सं," डेल्फीन पिशवीच्या तोंडाला दोरी गुंडाळत म्हणाली. "ती आली की ह्या भिजत घालायच्या. गरम गरम रस करायचा, घट्ट, तिला आवडतो तसा. ह्या संपवल्या तर आल्याबरोबर काय खायला घालू मी तिला?"

 व्हर्नेल उठली, तिने स्वतःच चुलीवरच्या किटलीतली कॉफी ओतून घेतली आणि उभ्यानेच अर्धी प्यायली.

"मी जायचे त्याच्याबरोबर," ती शेवटी म्हणाली. "पिकअपमधून. तुला सांगू नको म्हणाला होता. आधी तो माणसं बघायचा. बस थांबे, मोटेलं, दारूची दुकानं. प्रत्येक पोरीच्या तोंडाकडे बघायचा. नंतर नंतर..."

"पुलाखाली उतरायचा," डेल्फीन म्हणाली.

व्हर्नेलने कप खाली ठेवला.

"मला माहीत होतं, वन्सं. त्याच्या बुटांचा चिखल मीच धुवायचे."

 बाहेर शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकलं आणि आपोआप गप्प झालं. डेल्फीन उठली. तिने कोपऱ्यातला सपाट दगड आणून जमिनीवर फडकं पसरून ठेवला, कातड्याने मुठीला आवळलेला कुटायचा दगड शेजारी ठेवला आणि मांडी घातली. आधी तिने आपल्या अकरा वड्या कुटल्या. मग पिशवी ओढली. दोरी सुटायला वेळ लागला.

पहिली वडी हातात घेऊन तिने त्या तीन खळग्यांत आपली तीन बोटं टेकवली. बोटं जाड होती, नीट बसली नाहीत. तिला रडू येत होतं आणि तिने ते येऊ दिलं. वडी दगडावर ठेवली आणि घाव घातला.

बिया फुटल्या तसा स्वयंपाकघरात कडवट बदामी वास भरला. व्हर्नेल मदतीला खाली बसली नाही. तिने चुलीवर चरबी वितळायला ठेवली आणि भावजयीकडे पाठ करून ती ढवळत राहिली. वीस झाल्या, तीस झाल्या. दगडाचा आवाज एका लयीत येत होता. शेवटी तो थांबला तेव्हा व्हर्नेलने वळून पाहिलं. एकच वडी उरली होती.

"ती ठेव," व्हर्नेल म्हणाली. "एक राहू दे घरात."

"नको."

तीही कुटली गेली. मग मांसाचा चुरा, साखर आणि कोमट चरबी घालून दोघींनी परातभर वस्ना मळली. हात कोपरापर्यंत तेलकट झाले. चव व्हर्नेलने घेतली आणि नुसती मान डोलावली.

पहिला घास गेलेल्यांचा. तो बशीत काढून बाहेर कुंपणापाशी ठेवायचा आणि ज्याचा आहे त्याचं नाव घ्यायचं, एवढं तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. जित्या माणसाच्या नावाने बशी काढत नाहीत. गेल्या नाताळात कुठल्याशा मावशीने शेलीनसाठी काढली, तेव्हा डेल्फीनने भरल्या घरात तिच्या हातून ती हिसकावून घेतली होती आणि तिला दाराबाहेर काढलं होतं. त्यानंतर कुणाची छाती झाली नव्हती.

व्हर्नेलने बशीत मूठभर वस्ना घेतली आणि खांद्यावर शाल ओढली.

"वेंडेलचं ठेवून येते."

"थांबा, वन्सं."

डेल्फीनने हात पुसले. मांडणीवरून दुसरी बशी काढली, पदरासारख्या लोंबणाऱ्या ॲप्रनच्या टोकाने ती पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. मग परातीतून मूठ भरून तिच्यात ठेवली.

"हिचं नाव मी घेते," ती म्हणाली.

 व्हर्नेलने पायाने दार उघडं धरलं आणि भावजयीला आधी बाहेर जाऊ दिलं.