मागच्या खोलीचा वाटा

"पैसे भरताना दोन नावं चालतात, थिरू. परत येताना ते एकाच खात्यात येतात. कुणाच्या, ते आजच लिहून घे."

मिसेस न्झामांनी हे मला सांगितलं तेव्हा माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. शाळेच्या ऑफिसात आमची टेबलं समोरासमोर. मी विम्याच्या कागदांवर सही करत होते आणि नोलनची सही आधीच झालेली होती. गाडी आणि घरातलं सामान, दोन्ही एकाच पॉलिसीत, दोघांच्या नावानं. पाच वर्षं एकही क्लेम केला नाही, तर भरलेल्या हप्त्यांतला काही भाग परत मिळणार होता.

मी हसले. "आम्ही दुकान नाही उघडलंय, मिसेस न्झामा. लग्न केलंय."

"दुकान बंद करायला सोपं असतं," त्या म्हणाल्या आणि हजेरीपटाकडे वळल्या.

तसा माझा स्वभाव घाबरट. गॅसचं बटण मी दोनदा बघते. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय लेकीच्या हातात देत नाही. मागच्या सीटवर ती झोपली, तर लाल दिव्याला वळून तिच्या नाकाखाली बोट धरते. पण त्या दिवशी तेवढी एकच भीती मला वाटली नाही.

पाच वर्षं पुरी झाली, तेव्हा मी नोलनचं घर सोडून आठ महिने झाले होते. पॉलिसी रद्द करायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. अठरा हजार रँड आले आणि ते नोलनच्या खात्यात आले. त्यानं मला ते स्वतःहून कळवलं, हे सांगायला हवं. तो लबाड नाही. त्याची खोड वेगळी. तो आधी ठरवतो, मग करतो आणि सांगतो सगळ्यात शेवटी. कधीकधी तेही राहून जातं. मारहाण नाही, दुसरी बाई नाही, दारू नाही. माझ्या आईला तर अजून कळलेलं नाही की मी नेमकी कशाला कंटाळले.

रविवारी आम्ही नेहमीच्या जागी भेटलो, चॅट्सवर्थच्या मॉलच्या पार्किंगमध्ये. लेकीला, तेशिकाला, तिथेच द्यायचं आणि तिथेच घ्यायचं, असं चाललं होतं. मी घरी जात नसे. घरामागच्या खोलीत मा राहतात, नोलनची आई, आणि त्यांच्यासमोर उभं राहण्याची मला हिंमत नव्हती.

पुरटासीचा, आमच्याकडच्या व्रताचा महिना होता, मटण बंद. म्हणून नोलननं बीन्सचा बनी आणला होता. पोखरलेल्या पावात भरलेलं बीन्सचं कालवण, त्याच्या गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून मध्ये ठेवलेलं. तेशिका मागच्या सीटवर पावाचा तुकडा चघळत होती.

"अर्धे-अर्धे?" मी विचारलं.

"हप्ते माझ्या खात्यातून गेलेत."

"आणि घरातला किराणा? दूध, डायपर, वीज? ते कुणाच्या खात्यातून गेलं?"

"मी तसं म्हणत नाहीये. गाडीचा भाग माझा, कारण गाडी माझ्याकडे आहे. सामानाचा अर्धा तुझा."

"फ्रिज पण तुझ्याकडे आहे."

"फ्रिज तुझ्या काकांनी दिलेला. नेतेस तर ने."

"बहिणीच्या हॉलमध्ये झोपतेय मी नोलन, पोरीला घेऊन. फ्रिज कुठे ठेवू, उशाशी?"

तो हसला. मलाही थोडं हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. पाइनटाउनला मी एक फ्लॅट बघून ठेवला होता. खिडक्यांना गज, खाली पाळणाघर, शाळा दहा मिनिटांवर. डिपॉझिट नऊ हजार. अर्ध्या वाट्यात ते बरोब्बर बसत होतं. मालकानं शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती.

"मला नऊच हवेत," मी म्हणाले. "एक रँड जास्त नको."

"अगं, पण मी नसतो तर हे पैसे आलेच नसते," नोलन तोंडात घास ठेवून म्हणाला. "मशीनच्या वेळी क्लेम टाकला असता, तर गेलं होतं सगळं."

"कुठलं मशीन?"

त्याचं चावणं थांबलं.

"कुठलं मशीन, नोलन?"

"मा चं."

मा कपड्यांच्या फॅक्टरीत होत्या. फॅक्टरी बंद पडल्यावर त्यांनी मागच्या खोलीत दोन मशिनं घातली, एक शिलाईचं आणि एक काठ मारायचं ओव्हरलॉक. सगळ्या गल्लीचे युनिफॉर्म आणि साडीचे ब्लाउज त्यांच्याकडे असत. मी बाळंतपणानंतर चाळीस दिवस टोंगाटला आईकडे राहून परत आले, तेव्हा ती खोली रिकामी होती. मा म्हणाल्या होत्या, "डोळे थकले गं. विकून टाकली." मला ते खरं वाटलं. त्या वेळी मला झोपेशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

"खिडकी फोडून नेली," नोलन आता कागदाकडे बघत बोलत होता. "दोन्ही. तू टोंगाटला होतीस. परताव्याला अजून अडीच वर्षं होती. मी म्हटलं, मा, क्लेम केला तर सगळं जाईल. थोडं थांब, पैसे आले की तुला नवीन घेऊन देतो. ती हो म्हणाली."

"आणि मला?"

"तू ओली बाळंतीण. चोर आला होता म्हटलं असतं, तर तू त्या घरात पाऊल ठेवलं असतंस?"

खरं सांगायचं तर नसतं ठेवलं. म्हणून मला त्याच्यावर नीट चिडताही येईना.

"मा पण हेच म्हणाली," तो म्हणाला. "थिरूला सांगू नकोस, ती रात्रभर जागत बसेल."

मी बॉनेटला टेकून उभी राहिले. माझ्या डोक्यात एक पिवळा फ्रॉक घोळायला लागला. तेशिकाच्या पहिल्या वाढदिवसाला मा नी तो बाजारातून आणला होता, किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच. सगळ्या गल्लीच्या पोरींना शिवून घालणारी बाई आणि स्वतःच्या नातीला बाजारातला. मी तो फ्रॉक कपाटात टाकला, तो कधी बाहेर काढलाच नाही. मुलगी झाली म्हणून असेल, मी आवडत नाही म्हणून असेल, असं मनाशी धरलं ते धरलंच. घर सोडताना मा ना नीट सांगूनही आले नव्हते.

"मग आता? घेऊन देणार होतास ना?"

"आता सदुसष्ट वर्षांची आहे ती. पेन्शन येते. विसरली पण असेल."

"विचारलंस?"

तो उरलेला बनी कागदात गुंडाळायला लागला. मी तेशिकाला माझ्या गाडीत बसवलं, पट्टा ओढून बघितला आणि म्हणाले, "चल. घरी."

"घरी म्हणजे?"

"तुझ्या. मा कडे."

मा दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर शाळेचा निळा स्कर्ट, हातात सुई. काठ हातानं घालत होत्या. टाके इतके सारखे, की आधी मला वाटलं मशीनचेच आहेत. तेशिका धावत गेली आणि त्यांच्या पायात घुसली. त्यांनी सुई लांब धरली, पोरीचा मुका घेतला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"टोंगाटला चाळीस दिवसांसाठी गेलीस, तर चाळीस दिवसांनी आलीस. ह्या खेपेला आठ महिने लावलेस."

"मा, मला वाटलं तुम्ही रागावलात."

"रागावलेच होते. कुणावर, ते कुणी विचारलं नाही." त्यांनी नोलनकडे मान वळवली. "हा का शाळेतल्या पोरासारखा भिंतीला लागून उभाय?"

मी सगळं सांगितलं. पैसे आलेत, किती आलेत, आम्ही कसे भांडलो आणि मशीनचं आज कसं बाहेर पडलं. मा ऐकत होत्या, टाके घालत होत्या.

"लग्न मोडताना मला विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या. "आता वाटणीला कशाला आलात?"

"कारण हे पैसे तुमच्या गप्प बसण्यावर आलेत," मी म्हणाले.

"माझ्या वाट्यातून घेतो मा," नोलन मध्येच म्हणाला. "शब्द मी दिला होता."

मी गाडीत येताना ह्याचाच विचार करत होते. त्याच्या वाट्यातून गेलं, तर माझे नऊ शाबूत राहत होते. फ्लॅट, गज, पाळणाघर, सगळं. कुणी मला बोल लावला नसता.

"नाही," मी म्हणाले. "आधी मशीन. मग उरेल त्याचे दोन भाग. तुम्ही क्लेम केला असता, तर माझ्या हातीही काही आलं नसतं."

नोलननं मला विचारलं, "आणि डिपॉझिट?"

"ते मी बघते."

मा नी स्कर्ट मांडीवरून उतरवला. "तू तो पिवळा फ्रॉक हिला एकदाही घातला नाहीस."

"मला वाटलं, तुम्हाला हिच्यासाठी शिवावंसं वाटलं नाही."

"कशावर शिवणार होते? कपाळावर?"

आधी मा च हसल्या. मग मी हसायला लागले आणि हसता हसता रडू आलं, तेव्हा मा नी पदर पुढे केला, तोही तेशिकानं खरकटा केलेला. "पूस," म्हणाल्या. "आणि ऐका दोघंही. पैसे माझ्या हातात देऊ नका. हा उद्या टायरला मागेल आणि मी देईन. मशीन आणा. एकच आणा, ओव्हरलॉक. नवीन नको, नवीन म्हणजे प्लास्टिकची खेळणी. जेकब्जला फॅक्टरी बंद होतेय, तिथे विकायला काढलीत."

"तुला कसं माहीत?" नोलननं विचारलं.

"अडीच वर्षं तेच तर विचारत होते सगळ्यांना. तू सोडून."

पुढच्या शनिवारी नोलननं मित्राची गाडी आणली. मशीन टेबलासकट आलं, सहा हजाराला, लोखंडी आणि म्हशीसारखं जड. आमच्या घराला रस्त्यापासून खाली उतरायच्या पायऱ्या. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी.

"उजवीकडे घे."

"घेतलं."

"तुझ्या उजवीकडे नाही, माझ्या उजवीकडे."

"हे आधी सांगत जा की," मी म्हणाले. तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हो." पाच वर्षांत तो हो मला मिळाला नव्हता. आता त्याचा उपयोग नव्हता, पण ऐकून बरं वाटलं. आम्ही परत एकत्र येणार नाही, हे मला त्या पायरीवर जितकं स्वच्छ कळलं तितकं कधीच कळलं नव्हतं आणि त्याचं दुःख झालं नाही.

मा नी तेल घातलं, दोरा ओवला, जुन्या फडक्यावर एक काठ मारून बघितला. फळीवरचे कप थडथडले. तेशिकानं कानांवर हात ठेवले आणि "अजून" म्हणाली.

उरलेल्या बारातले सहा त्याचे, सहा माझे. फ्लॅटच्या मालकाला मी शुक्रवारीच सगळं खरं सांगितलं होतं. तो थोडा कुरकुरला, मग बाकीचे तीन हजार तीन महिन्यांत घ्यायला तयार झाला. मशीन आणलं त्या संध्याकाळी परतताना शॅलक्रॉसच्या उतारावर मी गाडीत गाणं लावलं. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, की मी एकदाही वळून बघितलं नव्हतं. तेशिका मागे झोपली होती, तोंड उघडं टाकून.

आता मी पाइनटाउनला असते. मा कडे एक रविवार सोडून जाते, त्याहून जास्त जमत नाही. नोलनची बंदरावर रात्रपाळी, दिवसा तो झोपतो आणि झोपला की त्याला काही ऐकू येत नाही. मागच्या खिडकीला त्यानं गज बसवलेत, मी हलवून बघितले. मा फोन उचलत नाहीत, मशीनच्या आवाजात त्यांना कळतच नाही. निदान मी तसं धरून चालते.

म्हणून सांगते. तुम्ही, किंवा तुमचं कुणी कधी चॅट्सवर्थच्या त्या बाजूला गेलात, तर देवळावरून चढ चढून या. हिरवं गेट आहे, पायऱ्या खाली उतरतात. रस्त्यावरच मशीन ऐकू येईल. येत असेल तर पुढे जा, मा ना कामात अडवलेलं आवडत नाही. ऐकू आलं नाही तर मात्र गेट वाजवा. दोनदा वाजवा. थिरूनं पाठवलं म्हणून सांगा आणि कशा आहात ते विचारा. त्या "बरी आहे" म्हणतील. तेवढ्यावर निघू नका. त्या नेहमी तसंच म्हणतात. जरा बसा.